गृहपाठात नव्वद, परीक्षेत अडतीस

प्रश्न: नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करते आहे. त्यासाठी सांख्यिकी आणि संभाव्यतेचा पायाभूत कोर्स ऑनलाइन घ्यावा लागतो. मागच्या सेमिस्टरला घेतला होता. सगळे व्हिडिओ पाहिले, पोर्टलवरच्या गृहपाठात सतत ९० च्या वर गुण होते आणि मध्यावधी परीक्षेत १०० पैकी ३८ मिळाले. मग कोर्स सोडला. शाळा सुटल्यापासून गणिताशी संबंध नाही. संभाव्यता आली की सगळी गणितं सारखीच दिसायला लागतात. आता पुन्हा नाव नोंदवायचंय. एक तुकडी १६ आठवड्यांची आहे, दुसरी तोच अभ्यासक्रम ८ आठवड्यांत संपवते. एकदाची सुटका व्हावी म्हणून ८ आठवड्यांची घेऊ का? आणि या वेळी वेगळं काय करू?

उत्तर: १६ आठवड्यांचीच घ्या. त्याचं कारण पुढे येईलच. आधी ९० आणि ३८ या दोन आकड्यांमधलं अंतर कुठून आलं ते पाहू.

पोर्टलवरचा गृहपाठ प्रकरणानुसार लावलेला असतो. 'द्विपद वितरण' (ठरावीक प्रयत्नांत किती वेळा यश येईल, याची संभाव्यता) या मथळ्याखालची दहाही उदाहरणं द्विपद वितरणाचीच असणार, हे पहिलं उदाहरण वाचण्याआधीच ठाऊक असतं. चुकलं तर दुसरी संधी मिळते, बहुतेकदा तिसरीही. 'असंच उदाहरण दाखवा' हे बटण दाबलं की फक्त आकडे बदललेलं तेच गणित पायऱ्यांसकट समोर येतं. त्यात आपले आकडे बसवले की झालं. परीक्षेत मात्र मथळा नसतो. समोर चार ओळींचा मजकूर असतो आणि त्यावर कुठली रीत लागू पडते हे आपल्यालाच ठरवावं लागतं. हे ठरवण्याचा सराव तुम्हाला एकदाही मिळाला नाही. म्हणून ३८. तुमची आकडेमोड कच्ची असती तर गृहपाठही पडला असता.

तेव्हा या वेळी मुख्य बदल हा करायचा: कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी, प्रत्येक उदाहरणासाठी कागदावर तीन-चार गोष्टी लिहायच्या. प्रश्न सरासरीचा आहे की प्रमाणाचा, म्हणजे 'किती वजन' असं विचारलंय की 'किती टक्के लोक'? एका वस्तूबद्दल विचारलंय की अनेक वस्तूंच्या सरासरीबद्दल? गट एक आहे की दोन? दोन असतील तर ते वेगवेगळे आहेत की त्याच माणसांचं आधीचं आणि नंतरचं माप आहे? आणि प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप), संपूर्ण समष्टीचं, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या सगळ्यांचं दिलंय, की त्यांतून निवडलेल्या फक्त नमुन्याचं? एवढ्या उत्तरांवरून पायाभूत कोर्समधली बहुतेक गणितं आपापल्या जागी जाऊन बसतात.

आठवड्यातून एकदा मागच्या सगळ्या प्रकरणांतली पंधरा उदाहरणं मिसळून घ्या. ती सोडवू नका. वीस मिनिटांत फक्त रीत ओळखा, नाव लिहा आणि तपासा. पहिल्या दोन-तीन वेळा निम्मी चुकतील, पण मध्यावधीत जे चुकलं ते इथे स्वस्तात चुकतंय. हा सराव कोर्सच्या वेळापत्रकात दिलेला नसतो, तो स्वतःच लावून घ्यावा लागतो.

आता आठवडे. ३ क्रेडिटच्या कोर्ससाठी दर क्रेडिटमागे आठवड्याला १ तास शिकवण्याचा आणि २ तास स्वतःच्या अभ्यासाचा, असा हिशोब अनेक ठिकाणी धरतात. म्हणजे आठवड्याला ९ तास, १६ आठवड्यांत १४४. तोच अभ्यास ८ आठवड्यांत उरकायचा तर आठवड्याला १८ तास. नोकरीबरोबर १८ तास निघत नाहीत, आणि निघाले तरी दुसरी अडचण आहे. या कोर्सच्या मधोमध एक वळण येतं, नमुना वितरणाचं, म्हणजे पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर त्यांच्या सरासऱ्या कशा पसरतील याचं. ते मुरायला दिवस लागतात, नुसते तास देऊन भागत नाही. ८ आठवड्यांच्या तुकडीत ते वळण आणि त्यावर उभं राहणारं पुढचं प्रकरण एकाच आठवड्यात येतात.

९ तासांची वाटणी साधारण अशी ठेवा: व्हिडिओंना अडीच तास, उदाहरणांना चार, मिसळलेल्या सरावाला दीड आणि चुकांच्या वहीला एक. व्हिडिओला यापेक्षा जास्त वेळ जात असेल तर तुम्ही बघताय, शिकत नाही आहात. शिक्षकाने उदाहरण फळ्यावर लिहिलं की व्हिडिओ थांबवा, स्वतः सोडवा, अडलात तरी पाच मिनिटं अडून राहा, मग पुढे चालू करा. दुसऱ्याने सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक पायरी पटते. ती पायरी आपल्याला सुचली असती का, हे त्यातून कधीच कळत नाही. गृहपाठाचा पहिला प्रयत्नही परीक्षेसारखाच द्या: मदतीचं बटण नाही, शेजारी उघडी वही नाही. पहिल्या प्रयत्नाचे गुण वेगळे लिहून ठेवा. पोर्टल शेवटचे गुण दाखवतं. तुमची खरी तयारी पहिल्या गुणांत दिसते.

चुकांच्या वहीत चुकलेलं गणित उतरवून काढण्यात अर्थ नाही. फक्त कारण लिहा: प्रश्न वाचण्यात चूक, रीत निवडण्यात चूक, आकडेमोडीत चूक, की टाइप करताना चूक. तीन आठवड्यांत कुठला रकाना भरतोय ते दिसेल.

नाव नोंदवण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. हे क्रेडिट तुमच्या पदवीला धरलं जाईल का? कोर्सला कलनशास्त्र लागतं की नुसतं बीजगणित पुरतं? परीक्षेत सूत्रांचा कागद, कोष्टक, स्प्रेडशीट यांपैकी काय चालतं? परीक्षा कॅमेऱ्यासमोर असेल तर कोरा कागद आणि पेन वापरता येतं का? आणि कोर्स सोडायची शेवटची तारीख कोणती? कॅमेऱ्याची चाचणी ज्या संगणकावर परीक्षा देणार त्याच संगणकावर चार-पाच दिवस आधी करून बघा, म्हणजे आयत्या वेळी धावाधाव होत नाही.

कोर्स सुरू होण्याआधीचे दोन आठवडे शाळेच्या गणिताला द्या, पण निवडून. अपूर्णांक, दशांश आणि टक्के यांची अदलाबदल, वर्गमूळ, बेरजेचं सिग्मा चिन्ह, सरळ रेषेचं समीकरण, आणि असमता (पेक्षा जास्त, पेक्षा कमी यांची गणितं). त्रिकोणमिती, बहुपदी यांना हात लावायची गरज नाही. असमतेवर मात्र जास्त वेळ घालवा, कारण संभाव्यतेत गुण जातात ते बरेचदा शब्दांवरच. 'किमान ३' म्हणजे ३ किंवा अधिक. त्याची उलट बाजू ०, १, २. '३ पेक्षा जास्त' म्हणजे ४ पासून पुढे.

स्प्रेडशीटमध्ये ही चूक कशी शिरते ते बघा. दहा प्रश्नांची चाचणी आहे, प्रत्येकाला चार पर्याय, आणि विद्यार्थी सगळी उत्तरं अंदाजाने देतो. किमान ३ बरोबर येण्याची संभाव्यता किती? द्विपद वितरणाचं बायनॉम.डिस्ट हे फंक्शन शेवटच्या जागी 'ट्रू' लिहिल्यावर 'इतके किंवा त्याहून कमी' याची संभाव्यता देतं. म्हणून १ मधून २ ची किंमत वजा करायची: १ − ०.५२५६ = ०.४७४४. घाईत ३ ची किंमत वजा केली तर ०.२२४१ येतं. हा आकडाही दिसायला तितकाच खरा वाटतो, संगणक काही लाल रेघ मारत नाही. संख्यारेषा काढून हव्या त्या ठिपक्यांना गोल केला की ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

संभाव्यतेत सगळं सारखंच दिसतं, असं तुम्ही लिहिलंत. दोन जोड्या आहेत ज्यांत बहुतेकांची गल्लत होते. पहिली म्हणजे परस्पर अपवर्जी घटना आणि स्वतंत्र घटना. एक फासा टाकल्यावर सम संख्या येणं आणि विषम संख्या येणं, या एकत्र घडूच शकत नाहीत, म्हणून अपवर्जी. त्या स्वतंत्र मुळीच नाहीत, कारण एक घडली हे कळताच दुसरीची संभाव्यता थेट शून्यावर येते. स्वातंत्र्य नजरेने ठरवू नका, गुणाकार करून तपासा. दोन फासे टाका. 'पहिल्यावर ६' आणि 'बेरीज ७' या घटना घ्या. दोन्हींची संभाव्यता १/६, दोन्ही एकत्र घडण्याची १/३६. गुणाकार जुळला, म्हणजे स्वतंत्र. आता ७ ऐवजी बेरीज ८ घ्या. तिची संभाव्यता ५/३६, पहिल्यावर ६ असण्याशी तिचा गुणाकार ५/२१६, म्हणजे सुमारे ०.०२३१. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता १/३६, म्हणजे ०.०२७८. जुळत नाही. ७ आणि ८ मध्ये एवढा फरक पडेल असं आधी कोणालाच वाटत नाही. छत्तीस जोड्यांचा तक्ता स्वतः हाताने काढा, एकदा तरी.

तक्ता काढलाच आहे तर एक जुनं उदाहरणही सोडवा. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांमध्ये जो पत्रव्यवहार झाला त्यात हा प्रश्न येतो: एक फासा ४ वेळा टाकून किमान एकदा ६ येणं, आणि दोन फासे २४ वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर ६ येणं, यांची शक्यता सारखीच का नाही? ४ ला ६ ने भागा किंवा २४ ला ३६ ने, उत्तर २/३ च येतं, म्हणून दोन्ही सारखं वाटतं. पण संभाव्यतांची अशी बेरीज चालत नाही. उलट बाजूने जा. एकदाही ६ न येण्याची संभाव्यता ५/६ चा चौथा घात, म्हणून पहिल्याचं उत्तर ०.५१७७. दुसऱ्यासाठी ३५/३६ चा चोविसावा घात, उत्तर ०.४९१४. एक निम्म्याच्या वर, एक खाली. 'किमान एक' हे शब्द दिसले की आधी 'एकही नाही' काढायचं, ही सवय यातून पक्की होते.

दुसरी गल्लत सशर्त संभाव्यतेच्या, म्हणजे एक गोष्ट घडली हे माहीत असताना दुसरीच्या संभाव्यतेच्या, दिशेची. एका आजाराची चाचणी आहे. आजार १ टक्का लोकांना आहे. आजारी माणसाची चाचणी ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते, निरोगी माणसाचीही ५ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह येते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो खरंच आजारी असण्याची संभाव्यता किती? सूत्रात आकडे कोंबू नका. १०,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यांतले ९० पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतले ४९५ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५८५, त्यांतले आजारी ९०. उत्तर १५.४ टक्के. 'आजारी असेल तर पॉझिटिव्ह' ९० टक्के, 'पॉझिटिव्ह असेल तर आजारी' १५.४ टक्के. शब्द तेच, दिशा उलटी. बेजच्या सिद्धांताचं, म्हणजे अशी दिशा उलटवण्याच्या सूत्राचं, जवळपास प्रत्येक उदाहरण असं माणसं मोजून सुटतं, आणि परीक्षकाला ही मांडणी चालते, फक्त तक्ता नीट दाखवा. ही दिशा लक्षात राहू द्या, ती शेवटच्या प्रकरणांत पुन्हा लागणार आहे.

आता ते मधलं वळण. साधारण अर्ध्या कोर्सपर्यंत आपण एकेका वस्तूबद्दल बोलत असतो. मग अचानक 'नमुन्याच्या सरासरीचं वितरण' सुरू होतं आणि बरेच जण तिथेच सुटतात, कारण जे वितरण प्रत्यक्ष दिसत नाही त्याच्याबद्दल बोलणं चालू असतं. तर ते दिसेल असं करा. स्प्रेडशीटच्या एका ओळीत दहा घरांमध्ये रँडबिटवीन वापरून १ ते ६ मधली संख्या येऊ द्या. अकराव्या घरात ॲव्हरेजने त्यांची सरासरी घ्या. ही ओळ खाली ५०० ओळींपर्यंत ओढा. आता अकराव्या स्तंभाचं प्रमाण विचलन काढा. एका फाशाचं प्रमाण विचलन १.७१ असतं, तुमच्या सरासऱ्यांचं ०.५४ च्या आसपास येईल. म्हणजे १.७१ भागिले १० चं वर्गमूळ. दहाऐवजी चाळीस घरं घेऊन पुन्हा करा, ०.२७ च्या आसपास येईल. नमुना चौपट केला तेव्हा पसारा निम्मा झाला. दोन्हींचा आलेख काढा: एका फाशाचा सपाट, सरासऱ्यांचा मधे फुगलेला घंटेसारखा. केंद्रीय सीमा सिद्धांत हाच. यावर पाऊण तास गेला तरी चालेल, त्याच विषयाचे तीन व्हिडिओ पाहण्यापेक्षा हा पाऊण तास जास्त देऊन जातो.

हे पटलं की या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक टळते, ती म्हणजे वर्गमूळाने भागायला विसरणं. पाकिटांचं सरासरी वजन ५०० ग्रॅम, प्रमाण विचलन १२ ग्रॅम, वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेसारखं. एक पाकीट ५०६ च्या वर असण्याची संभाव्यता? झेड, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर भागिले प्रमाण विचलन, ०.५, उत्तर ३०.८५ टक्के. ३६ पाकिटांची सरासरी ५०६ च्या वर असण्याची? आता १२ ला ६ ने भागायचं, प्रमाण त्रुटी (सरासऱ्यांचं प्रमाण विचलन) २, झेड ३, उत्तर ०.१३ टक्के. दोन्ही प्रश्न एकाखाली एक मुद्दाम विचारतात. 'एक' आणि 'सरासरी' या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा.

किरकोळ वाटणाऱ्या पण गुण खाणाऱ्या गोष्टीही आहेत. झेडचं कोष्टक दोन प्रकारचं असतं. १.९६ समोर ०.९७५० लिहिलं असेल तर ते डावीकडचं सगळं क्षेत्रफळ, ०.४७५० असेल तर मध्यापासूनचं. परीक्षेत कुठलं मिळणार ते आधी बघा. प्रमाण विचलनाचीही दोन फंक्शन्स असतात. ४, ७, ८, ९, १२ या संख्यांच्या वर्गविचलनांची बेरीज ३४. समष्टी धरली तर ५ ने भागून उत्तर २.६१, नमुना धरला तर ४ ने भागून २.९२. एसटीडीईव्ही.पी आणि एसटीडीईव्ही.एस ही ती दोन, आणि पोर्टलला त्यांतलं एकच बरोबर वाटतं. मधल्या पायरीत आकडा तोडू नका. सगळे दशांश कॅल्क्युलेटरच्या स्मृतीत ठेवून शेवटीच पूर्णांकन करा.

झेड की टी (समष्टीचं प्रमाण विचलन माहीत नसताना वापरायचं, झेडपेक्षा थोडं पसरट वितरण), हा वाद तर एका उदाहरणात संपतो. तीच ३६ पाकिटं, पण आता नमुन्याची सरासरी ४९६ आणि नमुन्याचं प्रमाण विचलन १२ आहे, आणि खरी सरासरी ५०० आहे का ते तपासायचंय. प्रमाण त्रुटी २. झेड वापरला तर ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खऱ्या सरासरीसाठीचा अंदाजाचा पट्टा, ४९२.०८ ते ४९९.९२, ५०० त्याच्या बाहेर. ३५ मुक्तता मात्रांचा (नमुन्याच्या संख्येतून एक वजा) टी, म्हणजे २.०३०, वापरला तर ४९१.९४ ते ५००.०६, ५०० आत. पी-व्हॅल्यू एकीकडे ०.०४५५, दुसरीकडे सुमारे ०.०५३. निष्कर्षच उलटला. समष्टीचं प्रमाण विचलन माहीत नाही म्हणून इथे टी योग्य. पण काही कोर्स नमुना ३० किंवा त्याहून मोठा असला की झेड चालतो असं शिकवतात. तुमच्या कोर्सचा नियम कुठला, हे पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि ती दिशा. पी-व्हॅल्यू ०.०५३ आली म्हणून 'शून्य परिकल्पना (तपासायचं मूळ गृहीतक, इथे सरासरी ५०० च आहे हे) खरी असण्याची संभाव्यता ५.३ टक्के' असं लिहिलं की गुण गेले. शून्य परिकल्पना खरी आहे असं धरल्यावर इतका किंवा याहून टोकाचा नमुना मिळण्याची संभाव्यता ५.३ टक्के. 'आजारी असेल तर पॉझिटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह असेल तर आजारी' यांत जो फरक होता, तोच इथे आहे. निष्कर्षही 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली' असा लिहायचा नाही. 'ती नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही' असं लिहायचं, आणि पुढे पाकिटांच्या भाषेत एक वाक्य: सरासरी वजन ५०० ग्रॅमपेक्षा वेगळं आहे असं या नमुन्यावरून म्हणता येत नाही. हे शेवटचं वाक्य बरेच जण लिहीत नाहीत आणि त्याला स्वतंत्र गुण असतात.

प्रतिगमन (ठिपक्यांमधून रेषा बसवणं) आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचं माप) शेवटी घाईघाईने उरकले जातात. तिथे एकच पथ्य: आधी ठिपक्यांचा आलेख, मग आकडा. संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ मध्ये चार लहान माहितीसंच मांडले. चारही संचांत सहसंबंध गुणांक जवळपास ०.८१६ आणि रेषेचं समीकरणही जवळपास तेच. आलेख काढले की एक साधा सरळ कल, एक वक्र, एकात एकच ठिपका रेषेला ओढून घेणारा, आणि चौथ्यात एका ठिपक्यावर सगळी रेषा टांगलेली. हा चौकडा कुठेही सहज सापडतो, स्वतः टाइप करून आलेख काढा.

अडलात तर शिक्षकांना 'समजलं नाही' असं लिहू नका. स्वतः केलेल्या पायऱ्यांचा फोटो जोडा आणि कुठल्या ओळीपाशी का अडलात ते एका वाक्यात लिहा. अशा प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. मध्यावधीच्या दहा दिवस आधी मिसळलेल्या वीस उदाहरणांचा पेपर स्वतःच लावा, वेळ धरून, फक्त परवानगी असलेलं साहित्य घेऊन. ६० टक्क्यांच्या वर असाल तर उरलेले दिवस फक्त चुकांच्या वहीवर घालवा. त्याखाली असाल तर नवीन प्रकरण दोन-तीन दिवस बाजूला ठेवा आणि फाशांच्या त्या ५०० ओळी पुन्हा उघडा. मागच्या वेळचा पेपर हाताशी असेल तर त्यातली गणितं याच आठवड्यात बाहेर काढा आणि न सोडवता, प्रत्येकाची फक्त रीत ओळखून बघा.